चुंबक चिकटलं नाही म्हणजे टायटॅनियम? खिशातल्या चाकूच्या ‘कस्टम’ कामातली फसवणूक

तपासायला आलेला चाकू ९१ मिमीचा लाल व्हिक्टोरिनॉक्स होता, म्हणजे पात्यासोबत कात्री, चिमटा अशी अवजारं असलेला स्विस चाकू. आता लाल उरला नव्हता, ती गोष्ट वेगळी. मालकाने तो इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेणाऱ्या एका कारागिराकडे कुरिअरने पाठवला होता. मुठीला निळ्या टायटॅनियमच्या पट्ट्या, म्हणजे स्केल, खिशाला अडकवायची क्लिप आणि पात्याला आरशासारखं पॉलिश एवढं काम ठरलं. ४,२०० रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. सोबत खात्री पटवणारा व्हिडिओ आला: स्केलला चुंबक लावलं, चिकटलं नाही, ‘प्युअर टायटॅनियम आहे सर’.

चुंबक अॅल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि पितळेलाही नाही. स्केल लोखंडाची असतील असा संशय मुळात कुणाला होता?

घनता मात्र खोटं बोलत नाही. टायटॅनियम साधारण ४.५ ग्रॅम प्रति घन सेंमी, अॅल्युमिनियम २.७, पितळ ८.५ च्या आसपास. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा पुरतो. आधी दोन्ही स्केल कोरडी तोलायची. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि स्केल दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं सोडायचं, पण तळाला टेकू द्यायचं नाही. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंमी त्याचं आकारमान. हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. या जोडीचं वजन २२ ग्रॅम, आकारमान ८ घन सेंमी. भागाकार २.७५. सरळ अॅल्युमिनियम. टायटॅनियम असतं तर तेवढ्याच जोडीचं वजन ३६ ग्रॅम भरलं असतं.

रंगानेही चुगली केली. टायटॅनियमवरचा निळा हा रंग दिलेला नसतो. विजेच्या दाबाने पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्या थराच्या जाडीमुळे प्रकाश तसा दिसतो. म्हणून तेलाचं बोट फिरवलं की छटा लगेच बदलते, स्पिरिटने पुसलं की मूळ रंग परत येतो. इथे तेलाने नुसती चमक वाढली, छटा तीच. म्हणजे अॅनोडाइझ केलेल्या, विजेने ऑक्साइडचा थर चढवलेल्या अॅल्युमिनियमवर चढवलेला साधा निळा रंग.

स्केल बसवली कशी, तेही पाहण्यासारखं. या चाकूची मूळ प्लॅस्टिकची स्केल स्क्रूने बसत नाहीत. चाकूचे थर एकत्र धरणाऱ्या रिव्हेटच्या, म्हणजे ठोकलेल्या खिळ्यांच्या, बाहेर आलेल्या डोक्यांवर ती दाबून अडकतात. धातूच्या स्केलला आतून तशाच अचूक खोबणी कोरायला हव्यात किंवा स्क्रू घेणारे पितळी तुकडे लावायला हवेत. कारागिराने रिव्हेटची डोकी घासून सपाट केली आणि स्केल सुपर ग्लूने चिकटवली. हा गोंद पाण्यासारखा पातळ, फटीतून आत झिरपतो. कात्री जड उघडायला लागली ती त्यामुळे. आता गोंद अॅसिटोनने सुटेल, पण डोकी गेली ती गेली. मूळ स्केलही पुन्हा धरणार नाहीत. अशा चाकूवर कंपनीची हमी मागायला तोंड राहत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पॉलिशने केलं, आणि ते डोळ्यांना दिसतच नाही. कोरड्या बेल्टवर, म्हणजे फिरत्या घासपट्ट्यावर, पातं दाबून धरलं की टोक आणि धार क्षणात तापतात, कारण तिथे पोलाद सर्वांत पातळ असतं. पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो आणि पात्याचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. नंतरचं बफिंग तो रंग पुसून टाकतं, म्हणजे पुरावाच नाहीसा होतो. चांगला कारागीर पातं उघड्या हाताने धरतो, बोटाला चटका लागायच्या आत पाण्यात बुडवतो. तपासायचं असेल तर बारीक कानशीच्या कोपऱ्याने टोकाजवळ आणि मुळाशी, धारेपासून दूर, हलकं ओढून पाहा. दोन्हीकडे सारखीच पकड हवी. या पात्यात कानस टोकाशी जास्त चावत होती आणि पुठ्ठ्याचे चार काप घेताच तिथली धार वळली. पुन्हा धार लावून हे सुधारत नाही. मऊ भाग घासून संपवावा लागतो, म्हणजे पातं आखूड होतं.

पाठवण्याआधी पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्याचा आणि प्रत्येक अवजाराचा जवळून फोटो काढा, चाकूचं वजन लिहून ठेवा. स्केल काट्यावर ठेवलेली, शेजारी मोजपट्टी, असा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. निम्मे पैसे काम पाहून. पात्याच्या पॉलिशचं काम देऊच नका. क्लिप आणि स्केल घरीही बसतात. ‘स्प्रिंग टाकून बटणाने उघडणारा करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तो चाकू मुंबई-पुण्यात शस्त्रं बाळगण्यावरच्या मनाई आदेशाच्या दिवसांत पोलिसांना काय म्हणून दाखवणार, तेही ठरवून ठेवा.

पैसे घेऊन वस्तूच आली नाही तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. आणि जुनी स्केल परत मागून घ्या, चिमटा आणि टूथपिक त्यांच्यातच असतात. या पार्सलात ती नव्हती.