बहात्तरीतला ठसका : लोरेटा लिनचा ‘व्हॅन लिअर रोझ’

कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं गाणं, म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांची गाडी जॉन डेन्व्हरपाशी थांबते. ती पुढे न्यायची असेल तर २००४ सालचा हा अल्बम ऐका. अमेरिकन कंट्री गायिका लोरेटा लिन तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या आणि अल्बमचा निर्माता जॅक व्हाइट अठ्ठावीसचा. तो ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या रॉक बँडचा गिटारवाला. नातू शोभेल अशा पोराच्या हाती बाईंनी अख्खा अल्बम सोपवला.

मी पेटीवर साथ करणारा माणूस, त्यामुळे माझे कान आधी साथीकडे जातात. कंट्री संगीताची पंढरी असलेल्या नॅशव्हिलमधल्या एका घरात, आठ ट्रॅकच्या (एका वेळी आठच आवाज वेगळे टिपणाऱ्या) टेपवर हे सगळं ध्वनिमुद्रित झालं. नॅशव्हिलची ती नेहमीची गुळगुळीत इस्त्री इथे नाही. ड्रम खोलीत वाजतायत असेच वाजतात. आणि बाईंचा आवाज? थोडा नाकातला, केंटकीच्या डोंगरातला, वरच्या सुरावर किंचित खरखरणारा. ती खरखर कुणी पुसलेली नाही, हे फार बरं झालं.

तेराही गाणी बाईंच्या लेखणीतली. नवरा दारू पिऊन घरी येतो, बाहेर भानगडी करतो, यावर त्यांनी साठच्या दशकातच गाणी केली. १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गायल्या, तेव्हा कित्येक रेडिओ स्टेशनांनी ते गाणं वाजवायचं नाकारलं. इथेही ‘फॅमिली ट्री’ ऐका. नवऱ्याच्या ठेवलेल्या बाईच्या दारात ही पोरांना घेऊन उभी राहते. सोबत नवऱ्याचा म्हातारा कुत्रा चार्ली आणि थकलेली बिलं! भांडायला आलेली नाही म्हणते, पण बोलते असं की समोरचीनं दार लावून घ्यावं. हे गाणं मी लोकांना आग्रहानं ऐकवतो. इंग्रजी गाण्यांच्या वाटेला न जाणारी माझी वहिनीही अर्थ कळल्यावर ‘पुन्हा लाव’ म्हणाली.

‘मिस बीइंग मिसेस’मध्ये गिटार आणि गळा, बाकी जवळपास काही नाही. नवरा १९९६ मध्ये गेला. त्याच्या उचापतींवर आयुष्यभर गाणी रचलेली बाई इथे लग्नाची अंगठी काढून उजव्या हातात घालते आणि नुसतं आठवते. इथली साथ नमुनेदार आहे. गिटार ओळ संपेपर्यंत दम धरते, रिकाम्या जागेत दोन सूर ठेवते आणि बाजूला होते. ‘लिटल रेड शूज’मध्ये तर बाई गातच नाहीत. लहानपणचं आजारपण, आई, लाल बूट असं बोलत राहतात आणि साथीच्या पोरांनी मागे वाद्यं धरली आहेत.

मात्र ‘हॅव मर्सी’त गिटार अंगावर येते. बाईंचा गळा तिला पुरून उरतो, पण गवयाला आपल्या वाद्याशी झगडायला लागणं ही साथ नव्हे. ‘पोर्टलंड, ऑरेगन’मध्येही आवाज उमटायला मिनिटाहून जास्त वेळ जातो. पुढे जॅक स्वतःही गातो, दोघं दारूच्या नशेतली एक रात्र रंगवतात, मजा येते. पण एवढी लांब नांदी कशाला? ग्रॅमीवाल्यांचं मत वेगळं पडलं. २००५ मध्ये याच गाण्याला आणि अल्बमला मिळून दोन पुरस्कार दिले.

ऐकताना एक करा, क्रम मोडू नका. पहिलं गाणं आईवर आहे, केंटकीतल्या व्हॅन लिअर गावच्या, कोळसा खाणींच्या मुलखातल्या देखण्या पोरीवर. तिथून निघून शेवटच्या ‘स्टोरी ऑफ माय लाइफ’पर्यंत बाई आपलं आयुष्य हसत हसत उरकतात. लहान वयातलं लग्न, पोरंबाळं, मग १९८० चा तो सिनेमा, जो त्यांच्यावर निघाला आणि तुफान चालला. त्याचं कौतुक सांगून झाल्यावर विचारतात, सगळं ठीक, पण त्यातला पैसा गेला कुठे?