रात्री दोन वाजता घर किती वीज खातं?

वीज वाचवायचे उपदेश आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यामुळे स्मार्ट मीटरच्या नोंदी वाचून ‘खास तुमच्या घरासाठी’ सल्ला देणारं हे अ‍ॅप घेतलं तेव्हा फार काही हाती लागेल असं वाटलं नव्हतं. पण पहिलाच सल्ला वर्मी बसला: रात्री दोन ते चार, सगळे झोपलेले असताना, तुमचं घर सरासरी 110 वॅट ओढतंय.

ऐकायला किरकोळ. पण चोवीस तास, तीस दिवस धरले की महिन्याला 79 युनिट होतात! फ्रिज आणि राउटर सोडून बाकीचे चोर शोधले. सेट-टॉप बॉक्स, रिमोटने ‘बंद’ केलेले स्पीकर आणि कुणी हात न लावणारा प्रिंटर. आता ही बटणं भिंतीवरच बंद होतात आणि रात्रीचा आकडा 70 वॅटवर आलाय. म्हणजे महिन्याला 29 युनिट कमी, तेही एक पैसा न घालता.

फ्रिजचा सल्ला त्याहून सरस. कॉम्प्रेसर सुरू-बंद झाला की आलेखात करवतीचे दाते उमटतात. आमचे दाते भलतेच रुंद होते, कॉम्प्रेसर जेमतेम थांबत होता. दारात कागदाची पट्टी धरून ओढा, असं अ‍ॅपने सुचवलं. वरच्या बाजूला ती घट्ट बसली, बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद हातात आली. रबर बदलून घेतलं.

‘तुमच्यासारखी घरं’ ही तुलना मात्र डोक्यात जाते. घरात माणसं किती हे विचारतात, दिवसा किती असतात हे नाही. आई दिवसभर घरी असते. पण दिवसभर कुलूप असणाऱ्या घरांच्या पंगतीत बसवून आम्हाला लाल शेरा! अशा तुलनेचा उपयोग होत नाही असं नाही. अमेरिकेतल्या घरांवरचा 2011 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की शेजाऱ्यांच्या वापराशी तुलना करून घरी पाठवलेल्या पत्रांमुळे वीजवापर सरासरी 2 टक्क्यांनी उतरला. आमच्याकडे फक्त आई पंखा लावायला कचरायला लागली, तेव्हा मी तो भागच लपवून टाकला.

शिवाय सगळे दिवे एलईडी असल्याचं भरून दिलं तरी बल्ब बदला, हा निरोप येतोच. नवा एसी घ्या, या ‘सल्ल्या’खाली थेट खरेदीचं बटण असतं, तेव्हा काय ते समजून घ्या.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर आधी सेटिंगच्या तळाशी जा. नोंदी ‘भागीदारांना’ द्यायची परवानगी तिथे आधीच टिक करून ठेवलेली असते, ती काढा. घर रिकामं कधी असतं, हे त्या आलेखावरून कुणालाही कळतं.