बॅटरी 63 टक्के, तरी खूण हिरवीच : आठ महिन्यांचा अनुभव

31 टक्के चार्ज दिसत असताना लॅपटॉप फट्‌कन बंद पडला. सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या माणसाने कंपनीचं ॲप उघडलं, हिरव्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बॅटरी उत्तम आहे. सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल." वॉरंटी संपायला तीन आठवडे उरले होते.

घरी येऊन कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडला. तिथे टाइप केलं : पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). विंडोज 8 पासून ही सोय आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ब्राउझरमध्ये उघडणारी फाइल तयार होते, तोच बॅटरीचा रिपोर्ट. मूळ क्षमता 50,000 मिलीवॅट-अवर (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप), आता पूर्ण चार्जला 31,400. म्हणजे जेमतेम 63 टक्के! एक तृतीयांशाहून जास्त बॅटरी गेली तरी खूण हिरवी? आकडा कंपनीच्या ॲपकडेही असतोच ना, मग तो का दाखवत नाहीत? रिपोर्ट छापून परत गेलो, तर पुन्हा तीच खूण दाखवली. वॉरंटी त्यातच संपली.

नंतर दर रविवारी रिपोर्ट काढायला लागलो, आणि एका गोष्टीत मत बदलावं लागलं. एकदा बॅटरी पूर्ण चार्ज केली, आपोआप बंद पडेपर्यंत वापरली आणि सलग पुन्हा 100 पर्यंत नेली. पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा 34,200! झिजलेली बॅटरी भरून येत नाही. हा आकडा बॅटरीतली चिप अंदाजाने काढते, आणि माझा लॅपटॉप सतत प्लगला लावलेला, त्यामुळे तिचा हिशेब चुकत गेला होता. आता लॅपटॉप चार्ज 6-7 टक्क्यांवर येईपर्यंत नीट चालतो. म्हणजे सर्व्हिसवाला अगदीच चूक नव्हता, हे मान्य. पण 68 टक्के म्हणजेही "उत्तम" नव्हे.

तेव्हापासून चार्जिंगची मर्यादा 80 वर ठेवली आहे. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर झिजते. पाच महिन्यांत आकडा 33,700 वर आलाय, एवढंच.

रिपोर्टला पाचपैकी पाच. कंपनीच्या ॲपला एक, तोही त्यात 80 ची मर्यादा लावता येते म्हणून.