सात महिने सोजूनच्या होडीत

आधीच सांगते, पुढे शेवट फोडला आहे. ज्यांना 'ट्रू ब्यूटी' अजून वाचायचं आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

आमचा मालवणात छोटा होमस्टे आहे. जूनमध्ये पर्यटक संपतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे ताटात सुकट आणि हाताला काम नाही. अशा दिवसांत भावाची मुलगी राहायला आली आणि तिने माझ्या मोबाइलवर हे कोरियन कॉमिक उघडून दिलं. म्हणाली, "आते, दहा भाग वाच, नाय आवडला तर सोड." दोनशेहून जास्त भाग आहेत हे तिने सांगितलं नाही. रोज रात्री जेवणं आवरल्यावर एक भाग असा नियम मीच घातला. गणपतीत आणि दिवाळीत तो मोडला, तरी शेवटाला पोचायला सात महिने लागले.

गोष्ट थोडक्यात: जुग्यंग नावाची मुलगी दिसण्यावरून शाळेत छळली जाते, व्हिडिओ बघून मेकअप शिकते आणि नव्या शाळेत सगळ्यात सुंदर ठरते. तिचा खरा चेहरा कळतो तो सुहोला, अबोल आणि हुशार. दुसरा सोजून, गाणारा, तापट, पण आतून मऊ. दोघे एकेकाळचे जिवलग. तिसऱ्या मित्राच्या मृत्यूने त्यांच्यात वितुष्ट आलेलं. याओंगी या टोपणनावाच्या चित्रकर्तीने हे 2018 मध्ये सुरू केलं आणि 2023 मध्ये संपवलं. मराठीत नाही, इंग्रजीत वाचावं लागतं. पण वाक्यं छोटी आहेत, अडत नाही.

वाचायची रीत वेगळी. पानं उलटायची नाहीत, बोटाने वर सारत जायचं. कोणी मनातलं बोलणार असेल तर आधी नुसती कोरी जागा येते, बोट सरकतंय तरी काही दिसत नाही. जुलैत एका रात्री वीज गेलेली, नेटवर्कची एकच काडी, आणि अशाच एका जागी चित्र अर्धं उतरून थांबलं. सोजूनची हनुवटी दिसते, डोळे नाहीत. मी मोबाइल घेऊन माडीच्या खिडकीत, पागोळ्या अंगावर. खालून सासूबाई विचारतात, "काय गो, कोणाचो फोन?" काय सांगणार!

पण मला लिहायचंय ते भागाखालच्या वाचकांच्या प्रतिक्रियांबद्दल. पहिले पंधरा दिवस मी त्या वाचल्याच नाहीत. मग भाचीने समजावलं की अर्धी मजा तिथेच आहे. ज्या दोघांचं जमावं असं वाचकांना वाटतं त्या जोडीला ती 'शिप' म्हणते, 'रिलेशनशिप'चं शेपूट. आमच्याकडे शिप म्हटलं की होडीच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे आमच्या घरात सुहोची होडी आणि सोजूनची होडी असेच शब्द रुळले. मी पहिल्यापासून सोजूनच्या होडीत.

तिथे गर्दीही त्याचीच वाटली. डिसेंबर 2020 मध्ये यावरची सोळा भागांची मालिका आली, त्यात ह्वांग इन-योप सोजून झाला, आणि लोक तिकडून पाघळूनच इकडे आले. मालिका फेब्रुवारी 2021 मध्ये संपली तेव्हा कॉमिकची गोष्ट अजून चालूच होती. त्यामुळे मालिकेत हरलेला सोजून इथे तरी जिंकेल अशी आशा धरून बसलेली माणसं दिसतात. आणि मधे तो जिंकतोही! सुहो परदेशी जातो, वर्षं लोटतात, सोजून आणि जुग्यंग एकत्र येतात. त्या भागांखाली नुसता शिमगा आहे. मी मात्र तेव्हाचं ते नाचणं इतक्या वर्षांनी वाचत होते, आणि शेवट भाचीने चुकून आधीच बोलून टाकला होता. माळ्यावर कोणाची जुनी पत्रं सापडावीत तसं झालं. "आता कोणी यांना वेगळं करू शकत नाही," असं कोणीतरी लिहिलेलं, आणि मला माहीत होतं की करणार आहेत. पुढे ते दोघे वेगळे होतात आणि जुग्यंग अखेर सुहोचीच होते. भाचीने टाळी वाजवली: "आते, तुझी होडी बुडाली गो!"

माझी तक्रार होडी बुडाल्याची नाही. सोजूनला इतकी वर्षं ताटकळत ठेवलं, मग जवळ आणलं आणि तोडताना घाई केली. आठवड्याला एक भाग म्हणून पाच वर्षं थांबलेल्यांचा संताप मला पटतो. मी सात महिन्यांत उरकलं, मला तेवढा राग यायचं कारणच नाही, तरी आलाच.

न पटलेली गोष्ट दुसरी. सुजिन नावाची मैत्रीण आहे, मत्सराने जुग्यंगवर उलटते. तिला प्रतिक्रियांमध्ये जे बोललेत ते वाचून कान किटतात. सोजूनने कोणाची कॉलर धरली तर "बिचारा दुखावलाय", आणि सुजिनने तेच दुखणं दाखवलं तर ती विषारी. सुजिन चुकलीच, पण वजनकाटा एकच हवा ना?

गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले तेव्हा तर घरातच दोन तट पडले. चुलत नणंदेच्या दोन्ही मुली सुहोवाल्या. आरतीनंतर मोदकाच्या ताटाशी भांडण, आवाज इतका की शेजारच्या काकी कोणाचं लग्न मोडलं म्हणून बघायला आल्या. सासूबाई आठळ्या सोलत सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "सुहो नि सोजून, सोजून नि सुहो. त्या चेडवाक कोणी इचारल्यान काय?" सगळ्या गप्प. मी मग मागचे भाग काढून खरंच बघितलं. भागामागून भाग, खाली प्रतिक्रिया दोन मुलग्यांच्याच. जुग्यंगने मेकअपचं काम शिकून त्यातच पोट भरायचं ठरवलं, त्यावर दोन ओळी मिळाल्या तर मिळाल्या.

यंदा जत्रेत दशावतार बघायला बसले तेव्हा या सगळ्याची आठवण झाली. गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी राक्षस आला की मागून आरडाओरडा, आणि नट त्यावर तिथल्या तिथे उत्तर देतो. कॉमिकमध्ये तो उत्तर देणारा नसतो, एवढाच फरक. म्हणून लोक एकमेकांनाच उत्तरं देत बसतात.

घ्यावं का वाचायला? पहिले पन्नास-साठ भाग जरूर. विनोद खरा आहे, मेकअप पुसलेल्या तोंडाने ती घरात वावरते ती चित्रं बघून मी एकटी हसले आहे. मधला भाग लांबलाय. प्रतिक्रिया मात्र भाग संपल्यावरच वाचा, आधी नाही, आणि भाचीला शेजारी बसवू नका.

तिने आता दुसरं कॉमिक सुचवलंय. मी नाही म्हटलं, डिसेंबरची बुकिंग आहेत, चादरी धुवायच्यात. सासूबाई मात्र रात्री दिवा मालवायच्या आधी अजून विचारतात, "गो, त्या गाणाऱ्या झिलाचा खंय जमला काय?"