०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा आणि क्षत्रपांची चांदी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वजनात काही बदल झाला नाही तर हा काटा साठाव्या सेकंदाला आपोआप बंद होतो, आणि ही सोय नको असेल तर ती काढून टाकण्याची सोय मात्र त्यात नाही. विक्रीच्या पानावर या गोष्टीचे वर्णन ‘सेलची बचत’ (म्हणजे बॅटरीची) असे केलेले आहे. केशर तोलणाऱ्याला तिचा त्रास होणार नाही. परंतु ज्याला साडेसतराशे वर्षांपूर्वीचे चांदीचे नाणे दोऱ्याला बांधून पाण्यात स्थिर धरायचे आहे, त्याला या साठ सेकंदांचा किती संताप येऊ शकतो हे मी पुढे सविस्तर सांगणार आहे.

दोनशे ग्रॅम क्षमतेचे असले काटे सर्वांच्या परिचयाचे असल्यामुळे बाकीचे वर्णन थोडक्यात उरकतो. किंमत ६४९ रुपये. ताटली लहान आहे, झाकण बरे आहे, आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे काटा अचूक जुळवून घेण्यासाठी, लागणारे १०० ग्रॅमचे प्रमाण वजन सोबत मिळत नाही. ते वेगळे विकत घ्यावे लागते आणि मी ते घेतलेले नाही, कारण आपल्या सरकारी टांकसाळींनी ते काम परस्पर करून ठेवले आहे. २०१९ च्या मालिकेतील एक रुपया ३.०९ ग्रॅमचा, दोन रुपये ४.०७, पाच रुपये ६.७४ आणि दहा रुपये ७.७४ ग्रॅमचे असतात. वाण्याकडून सुटे घेताना मी दहाची दहा कोरी नाणी निवडून घेतली. ती एकत्र ठेवल्यावर ७७.४० यायला हवेत. पहिल्या दिवशी ७७.३८ आले. या किमतीत यापेक्षा जास्त मागणे योग्य नाही.

माझा संग्रह लहान आहे आणि त्यातला मोठा भाग पश्चिमी क्षत्रपांच्या, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य केलेल्या शक राजांच्या, चांदीच्या नाण्यांचा आहे. नखापेक्षा थोडे मोठे, साधारण दोन ते सव्वादोन ग्रॅमचे हे नाणे आकाराच्या मानाने फार बोलके असते. दर्शनी बाजूला राजाचे मुख, मागील बाजूला तीन कमानींचा चैत्य (एकावर एक रचलेल्या कमानींचे टेकडीसारखे चिन्ह), त्याखाली नागमोडी रेषा आणि भोवती ब्राह्मी लेख, ज्यात राजाचे नाव तर असतेच, पण त्याच्या वडिलांचेही असते. माझ्या एका नाण्यावर ‘राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’ एवढा लेख लावायला मला तीन रविवार लागले. राजाच्या डोक्यामागे शकवर्ष असते. त्या अंकपद्धतीत शून्य नाही. शंभराचे चिन्ह वेगळे, ऐंशीचे वेगळे, एककाचे वेगळे. माझ्या नाण्यावर शंभर आणि ऐंशी स्पष्ट दिसतात, एकक मात्र नाण्याच्या कडेबाहेर गेला आहे. म्हणजे शक १८० ते १८९, अर्थात इ.स. २५८ ते २६७ या दहा वर्षांतले कुठलेतरी एक. या पलीकडे त्या नाण्याला विचारण्यासारखे दोनच प्रश्न उरतात, वजन किती आणि चांदी किती, आणि त्या दोन प्रश्नांसाठी मी हा काटा घेतला.

वजन सोपे आहे : २.१४ ग्रॅम. चांदीसाठी विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट नाणे जड आहे हे, काढावे लागते. औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण पाण्याने भरून ताटलीवर ठेवायचे, टेअर दाबून शून्य करायचे आणि बारीक दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला किंवा कडेला न लागता पूर्ण बुडेल असे धरायचे. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढलेले दिसतात, तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचे आकारमान. मी इन्व्हर्टरसाठी आणलेले डिस्टिल्ड पाणी वापरतो आणि बुडबुडे चिकटू नयेत म्हणून त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकतो. (तांब्याच्या, विशेषतः हिरवी पूड सुटणाऱ्या नाण्यांना हा प्रयोग करू नये.) हेलकावे थांबायला, बुडबुडा झटकायला आणि पुन्हा हेलकावे थांबायला मिनिटभर सहज जाते, आणि आकडा स्थिर होऊन मी पेन्सिल उचलतो तोच पडदा काळा होतो. पुन्हा चालू केला की काटा पाण्यासकट, नाण्यासकट सर्वांना शून्य समजतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. एका संध्याकाळी हा प्रकार अकरा वेळा झाला, हे मी वहीत तारखेसह नोंदवून ठेवले आहे.

त्यातून एकदा आकडा मिळालाच तर तो ०.२१ असा येतो. २.१४ भागिले ०.२१ म्हणजे १०.१९, शुद्ध चांदीचे १०.४९ असते, म्हणजे उत्तर ठीक वाटते. पण शेवटचा अंक एकाने इकडेतिकडे झाला तर उत्तर ९.७३ होते किंवा १०.७० होते, आणि दुसऱ्या बाबतीत माझे नाणे शुद्ध चांदीहूनही जड ठरते. हा दोष काट्याचा नाही, माझ्या कंजूषपणाचा आहे, ०.००१ ग्रॅमचा काटा घेतला असता तर हा प्रश्न आला नसता. उपाय म्हणून पाच नाणी एकाच दोऱ्यात ओवल्यासारखी बांधली. एकूण वजन १०.६१, आकारमान १.०३, गुरुत्व १०.३०. पाचांची सरासरी मिळाली, एकेकाचे गुपित तसेच राहिले.

इथपर्यंतचा मजकूर मी चौथ्या महिन्यात लिहिला होता आणि पाचपैकी दोन तारे देण्याचे ठरवले होते. नंतर दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी की, एका नाणे प्रदर्शनात मी सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे मुखनाणे (राजाचे मुख असलेले नाणे) घेतले. किंमत इतकी कमी होती की तेव्हाच शहाणे व्हायला हवे होते. घरी आणून तोलले तर २.१९ ग्रॅम, म्हणजे संशयाला जागा नाही. पाण्यात सोडले तर आकारमान ०.२६, गुरुत्व ८.४२. शेवटच्या अंकाची चूक माझ्या बाजूने धरली तरी ८.७६ च्या वर जात नाही. चांदीत तांबे मिसळून हीण केले तरी ते मिश्रण तांब्याच्या ८.९६ खाली उतरू शकत नाही. त्यामुळे हे नाणे एकतर भलत्याच धातूचे आहे किंवा साच्यात ओतल्यामुळे आतून सच्छिद्र आहे. भिंगाखाली कडेवरचा जोड पुसून काढल्याची रेघ दिसली. सातवाहनांची चांदीची मुखनाणी ठसा मारून पाडलेली असतात, त्यामुळे पुढे वाद उरला नाही. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत, पण पुढचे नाणे त्याच्याकडून घेण्यापासून मी वाचलो, आणि ती रक्कम ६४९ रुपयांपेक्षा पुष्कळ मोठी असती.

दुसरी गोष्ट पाचव्या महिन्यातली. काटा हळूहळू कमी दाखवू लागला. दहाची दहा नाणी ७७.३८ वरून ७६.१० वर आली आणि रुद्रसेन २.०९ चा झाला. कंपनीला मी पाच ईमेल पाठवले. पहिल्या उत्तरात वॉरंटी ‘फक्त उत्पादनातील दोषांसाठी’ असल्याचे कळवले, दुसऱ्यात स्वखर्चाने कुरिअर करण्यास सांगितले, ज्याचा खर्च १८० रुपये होता, आणि तिसऱ्यात काट्याजवळ पाणी वापरल्याबद्दल मलाच समज देण्यात आली. मी चिडून सविस्तर तक्रार लिहायला बसलो असताना पत्नीने विचारले, “अहो, यात सेल कुठले घातलेत?” सेल टीव्हीच्या रिमोटमधून काढलेले होते. रिमोटला चालेनासे झालेले सेल काट्याला चालतील असा माझा हिशेब होता. नवे दोन सेल घातले आणि ७७.३८ परत आले. हा प्रश्न त्यांनी पहिल्याच ईमेलमध्ये विचारायला हवा होता, असे माझे आजही म्हणणे आहे.

साठ सेकंदांवरचा उपायही तिच्याच निरीक्षणातून निघाला. वजनात थोडाही बदल झाला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून नाणे धरलेले असताना दुसऱ्या कोणीतरी दर चाळीस सेकंदांनी ताटलीच्या कोपऱ्यावर कागदाची एक टाचणी ठेवून उचलायची. हे काम ती आनंदाने करते असे म्हणता येणार नाही.

या पद्धतीने गेल्या महिन्यात मी माझी सर्वांत आवडती दोन नाणी तोलली. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. ती सगळी क्षहरात या क्षत्रप घराण्यातील राजा नहपानाची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखावर चैत्य आणि सातकर्णीचे नाव, मागे उज्जयिनी चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळे असलेली फुली. नाशिकच्या लेण्यांमध्ये त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे म्हटले आहे. या नाण्यांवर मात्र ठशाखालून नहपानाचे नाक अजून डोकावते. अशा पुन्हा ठसा मारलेल्या नाण्यांपैकी एक माझ्याकडे आहे आणि नहपानाचे मूळ नाणेही एक आहे. ठसा मारताना नाणे वितळवलेले नसल्याने वजन जवळजवळ तेच राहायला हवे, असे मी वाचून जाणत होतो. मूळ नाणे २.११ भरले, ठशाचे २.०७. जे आपल्याला आधीच ठाऊक आहे ते आपल्या टेबलावर आपल्या डोळ्यांदेखत खरे निघताना पाहण्यासाठी मी त्या रात्री दोन्ही नाणी सहा वेळा तोलली.

पोटीनच्या (तांब्यात कथील, शिसे मिसळलेल्या हलक्या मिश्रधातूच्या), हत्तीछापाच्या सातवाहन नाण्यांसाठी हा काटा घेऊ नये. माझ्याकडच्या पंधरा नाण्यांची वजने इतकी विखुरलेली आहेत की त्यांतून माझ्या हाती काही लागले नाही.

दोन ताऱ्यांचे मी साडेतीन केले आहेत. उरलेला दीड तारा त्या साठ सेकंदांचा आहे आणि तो मी सोडणार नाही.