बिल सहा स्पार्क प्लगचे, बदलले तीनच, आणि तेही बनावट

स्पोर्ट्‌स कारचे स्पार्क प्लग बदलून घेताना माझी फसवणूक झाली, ती केवळ एका गॅरेजच्या लबाडीमुळे झाली असे म्हणता येणार नाही. अशा गाडीची रचनाच त्या लबाडीला सोयीची होती. प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारी इग्निशन कॉइल जागेवर बसली आणि वरचे आच्छादन लागले की खाली नवा प्लग आहे की जुना, अस्सल आहे की बनावट, हे पाहण्याचा कोणताही मार्ग मालकाकडे उरत नाही. म्हणून काय घडले आणि ते कशावरून उघडकीला आले, हे तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या दोन आसनी गाडीचे इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवलेले आहे. ते सहा सिलिंडरांचे व्ही रचनेचे असून त्याला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा भरणारे यंत्र, आहे. सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी बाहेरच्या रांगेतील तीन प्लगपर्यंत हात सहज पोहोचतो. उरलेले तीन मात्र इंजिन आणि आसनांमागची भिंत यांच्या अरुंद फटीत असतात, आणि त्यांच्यासाठी पॅनेल व हवेच्या नळ्या काढून बराच वेळ खर्चावा लागतो. मजुरीचा मोठा हिस्सा या आतल्या तीन प्लगचाच असतो. ते न बदलताच मजुरी घेता आली तर गॅरेजचा किती फायदा होतो, हे वेगळे सांगायला नको.

माझी तक्रार साधी होती. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळत असे, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत मिसिंग मारत असे. स्पोर्ट्‌स कारचे काम करणारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका गॅरेजमध्ये मी ती दाखवली. तेथील मेकॅनिकने बाहेरच्या रांगेतला एक प्लग काढला आणि पांढऱ्या इन्सुलेटरवर, धातूच्या कवचाच्या अगदी वर असलेले तपकिरी कडे मला दाखवले. "साहेब, हे बघा, इथून कॉम्प्रेशन लीक होतंय. सहाच्या सहा प्लग गेलेत," असे त्याने ठामपणे सांगितले, म्हणजे सिलिंडरमधला दाब प्लगमधून बाहेर निसटतो आहे असे.

हे धादांत खोटे होते. त्या कड्याला कोरोना डाग म्हणतात. प्लगमधून हजारो व्होल्टचा दाब जात असताना इन्सुलेटरभोवतीची हवा विद्युतभारित होते आणि हवेतील तेलाचे सूक्ष्म कण त्या ठिकाणी ओढले जाऊन चिकटतात. व्यवस्थित चालणाऱ्या प्लगवरही हा डाग दिसतो आणि त्याने प्लगच्या कामात काही बिघाड होत नाही. प्लगची खरी प्रकृती त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ज्वलनकक्षात असलेल्या भागावर दिसते. तेथे फिकट करडा किंवा तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग त्या इंजिनासाठी फार थंड आहे. तेलाने ओले टोक इंजिनातून येणाऱ्या तेलाकडे बोट दाखवते, आणि पांढरे पडलेले, फोड आलेले इन्सुलेटर अति उष्णतेचे लक्षण असते. त्या मेकॅनिकने टोकाकडे मला पाहू दिले ते ओझरतेच, आणि गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती दोन इलेक्ट्रोडमधली फट, मोजण्याचे तर नावही काढले नाही. गाडीच्या पुस्तिकेतील प्लग बदलण्याच्या अंतराच्या निम्मेही अंतर तोवर कापले गेले नव्हते.

मूळ क्रमांकाचे प्लग न घालता "रेसिंगचे", दोन पायऱ्या थंड असलेले इरिडियम प्लग घालावेत, असा आग्रहही त्याने धरला. प्लगच्या बाबतीत थंड आणि गरम हे शब्द ठिणगीच्या जोराविषयी नसतात. टोकावरची उष्णता प्लग किती लवकर सिलिंडर हेडकडे पोहोचवतो, एवढेच ते सांगतात. टोकाचे तापमान साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. त्याखाली काजळी जळून जात नाही, आणि त्यावर गेल्यास ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. प्रत्येक पायरीला टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी बदलते. इंजिनात बदल करून बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा दाब, वाढवला असेल तर थंड प्लगला अर्थ आहे. कारखान्यातून आली तशीच असलेली गाडी रोजच्या रस्त्यावर चालवताना तो काजळी धरण्याचीच शक्यता अधिक. त्यात क्रमांकांचा घोळ वेगळाच. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे नेमके उलट असते. ग्राहकाला गोंधळात टाकायला एवढे पुरेसे होते. मी मूळ क्रमांकाचेच प्लग मागितले आणि जुने सहाही प्लग परत द्यावेत असे आधीच सांगून ठेवले.

गाडी परत मिळाली तेव्हा बिलात सहा इरिडियम प्लग आणि सहाही बसवण्याची पूर्ण मजुरी लावलेली होती. एका खोक्यात सहा जुने प्लगही मिळाले. मागणी तर पूर्ण झाली होती, परंतु गाडी सुधारली नाही, उलट अधिक बिघडली. इंजिनावर भार आला आणि सुपरचार्जरचा दाब वाढला की ती पूर्वीपेक्षा जास्त अडखळू लागली आणि इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर पी ०३०१, पी ०३०३ आणि पी ०३०५ हे मिसफायरचे, म्हणजे मिश्रण नीट न पेटल्याचे, कोड आले, म्हणजे पहिला, तिसरा आणि पाचवा सिलिंडर. हे तिन्ही बाहेरच्या रांगेतले आहेत. सहाही प्लग एकाच वेळी, एकाच संचातून बदलले असतील, तर दोष नेमक्या एकाच रांगेत का यावा, हा प्रश्न घेऊन मी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो आणि काम चालू असताना तेथेच उभा राहिलो.

बाहेरच्या रांगेतले तीन प्लग निघाले ते बनावट होते. नाव नामांकित कंपनीचे होते, पण अक्षरे पुसट आणि किंचित तिरकी होती. इरिडियमचा वितळणबिंदू सुमारे २,४५० अंश सेल्सिअस असल्यामुळे मधला इलेक्ट्रोड ०.६ किंवा ०.४ मिलिमीटर इतका बारीक ठेवता येतो. साध्या निकेल प्लगमध्ये तो सुमारे २.५ मिलिमीटर जाड असतो. या बनावट प्लगमध्ये साध्या धातूचेच टोक घासून बारीक केलेले होते आणि थोडक्याच वापरात त्याची कड गोल झाली होती. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवरून सहजासहजी निघत नाही. यांचा वॉशर बोटाने फिरवताच हातात आला. आटे खरबरीत होते. तिन्हींची गॅप वेगवेगळी होती आणि एकाची तर नेमून दिलेल्यापेक्षा बरीच जास्त. सिलिंडरमधला दाब जितका अधिक तितका ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे निवांत चालणारे इंजिन सुपरचार्जरचा दाब येताच का अडखळत होते, याचा उलगडा तेथेच झाला.

आट्यांना भरपूर अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू नयेत म्हणून लावायचे वंगण, लावलेले होते, हेही नमूद करायला हवे. मुलामा दिलेल्या आट्यांना ते लावू नये असे प्लग बनवणाऱ्या कंपन्या सांगतात, कारण घर्षण कमी होऊन टॉर्क पान्यावर तोच आकडा दिसत असताना प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. गॅस्केट असलेल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये सर्वसाधारणपणे २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, आणि गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा असतो. सुदैवाने हेडमधले आटे वाचले.

त्यानंतर आतली रांग उघडली. पॅनेलच्या स्क्रूंवर पाना लागल्याच्या खुणा नव्हत्या आणि नळ्यांच्या क्लॅम्पवरची धूळ जशीच्या तशी होती. तिन्ही प्लग कारखान्यातून आले तेच होते, त्यांच्या इन्सुलेटरवर तेच तपकिरी कडे होते आणि त्यांची प्रकृती उत्तम होती. थोडक्यात, "गेलेले" प्लग नीट चालत होते आणि मिसिंग नवे प्लग मारत होते.

मग खोक्यातले सहा जुने प्लग कोणाचे? मी ते सोबत नेले होतेच. माझ्या इंजिनाच्या प्लगची आट्यांची लांबी २६.५ मिलिमीटर आहे, आणि खोक्यातल्या सहाही प्लगची १९ मिलिमीटर भरली. ते माझ्या गाडीत कधी असणेच शक्य नव्हते. तीनच प्लग काढले असताना सहा परत द्यायचे होते आणि सहाही सारखे दिसायला हवे होते, म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा संच माझ्या हाती देण्यात आला. माझे तीन चांगले प्लग कोठे गेले, ते मला अखेरपर्यंत कळले नाही. जुने भाग परत मागावेत हा सल्ला सगळेच देतात, पण ते भाग आपल्याच गाडीचे आहेत का, हे लांबी आणि क्रमांक पाहून पडताळले नाही तर त्या मागणीचा उपयोग नाही. प्रत्येक प्लग बाहेर येताच सिलिंडरचा क्रमांक मार्करने त्यावर लिहून घेतला, तर ही अदलाबदल करता येत नाही.

मूळ बिघाड शेवटी एका कॉइलच्या चिरलेल्या रबरी टोपणात निघाला. तो शोधायला नवा प्लग लागतच नाही. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवायची आणि मिसफायरचा कोडही तिच्यामागे जातो का, ते पाहायचे. कोड जागचा हलला नाही तरच प्लगकडे वळावे.

पहिल्या गॅरेजच्या मालकासमोर मी दोन्ही संच आणि व्हर्नियर कॅलिपर ठेवले. बनावट मालाचा दोष त्याने पुरवठादारावर ढकलला आणि प्लगचे पैसे परत केले. आतल्या रांगेच्या मजुरीबद्दल मात्र, बिलात "प्लग बदलणे, मजुरीसह" एवढी एकच ओळ असल्याने वेगळी रक्कम दाखवता येत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हापासून मी काम सोपवण्यापूर्वीच प्लगचा पूर्ण क्रमांक, त्यांची संख्या आणि प्रत्येक रांगेची मजुरी वेगवेगळ्या ओळींत लिहून घेतो, आणि नवे प्लग माझ्यासमोर खोक्यातून काढून वॉशर, छपाई व गॅप पाहिल्याशिवाय ते बसवू देत नाही.