मागे फिरून सांगायचं की आधी स्वतः सुटायचं?

ग्रुप दोन तुकड्यांत चाललाय. पुढच्यांना धोका दिसला, मागच्यांना काहीच पत्ता नाही, ते निवांत येतायत किंवा तंबू ठोकून बसलेत. आता पुढच्यांनी काय करायचं? घरी बसून विचारलं तर सगळे छातीठोकपणे सांगतात की अर्थात मागे जाऊन सांगणार, त्यात विचारायचं काय, आणि प्रत्यक्ष वेळ आली की एक तर हातपाय गळतात नाहीतर माणूस काही न बघता सुसाट मागे पळत सुटतो आणि मग मागच्यांना दोन संकटं निस्तरावी लागतात, मूळचं एक आणि हा दुसरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मागे फिरणं जितक्या वेळा बरोबर वाटतं त्यापेक्षा खूप कमी वेळा बरोबर असतं. पण सांगण्याची जबाबदारी मात्र सुटत नाही, आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात, सांगणं म्हणजे जाणं असं धरून चालतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी वेळेचं गणित, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. समजा पुढची तुकडी नदीकाठी आहे. मघापर्यंत स्वच्छ असलेलं पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, पाण्याचा आवाज जड झाला, म्हणजे वर कुठेतरी जोरदार पाऊस झालाय आणि लोंढा येतोय. मागची तुकडी २ किमी खाली, त्याच पात्रात वाळूवर मुक्कामाला. वाट काठाने नाही, मधली खिंड चढून उतरायची, चढ २०० मीटरचा. चालण्याच्या वेळेचा एक जुना हिशोब आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला, सपाटीला तासाला साधारण ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे २४ मिनिटं अधिक २० मिनिटं, झाली ४४, तीही तुम्ही ताजेतवाने असाल तर. लोंढा सेकंदाला नुसता ३ मीटर वेगाने आला तरी तासाला जवळपास ११ किमी होतात, म्हणजे ते २ किमी तो ११ मिनिटांत कापतो. इथे पळत जाण्यात काडीचा अर्थ नाही. तुम्ही पोचाल तेव्हा एक तर ते स्वतःच पाणी बघून वर चढलेले असतील नाहीतर सांगायला कोणी उरलेलं नसेल. इथे शिट्टी, टॉर्च, फोन, वॉकीटॉकी, जे काय हाताशी असेल ते उंचावर जाऊन वापरणं एवढंच शिल्लक राहतं.

तेच जर पाणी अजून स्वच्छ आहे, फक्त वरच्या अंगाला ढग भरून आलेत आणि तुमच्या हातात दोन-तीन तास आहेत, तर ४४ मिनिटं म्हणजे काहीच नाही, जा खुशाल.

आणि एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत, ती म्हणजे धोका चालत येणारा आहे की जागेवर बसलेला. तुटलेला पूल, खचलेला रस्ता, कड्याच्या टोकाला लोंबकळणारा बर्फ, हे कुठे जात नाहीत, मागचे स्वतः चालत त्यांच्यात येणार आहेत. मग तुम्ही कशाला मागे पळताय? धोक्याच्या अलीकडे सुरक्षित जागी एक माणूस थांबवा (शक्यतो दोन), जिथून येणारा लांबून दिसेल अशी जागा बघा, आणि येतील तेव्हा अडवा. फक्त त्यांना दुसरी वाट नाही ना एवढं नकाशावर बघून घ्या. दुसरी वाट असेल तर वाटेच्या फाट्यापर्यंत तरी जावं लागेल.

आता खरी तुलना. स्वतः जाऊन सांगणं आणि सुरक्षित जागी पोचून कळवणं.

वेग बघितला तर कळवणं जवळजवळ नेहमी जिंकतं, रेंज असेल तर. कॉल लागत नसला तरी एसएमएस कधी कधी जातो कारण त्याला सलग सिग्नल लागत नाही, आणि बऱ्याच देशांत ११२ हा आपत्कालीन नंबर तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्याच्या नेटवर्कवरून लागतो. सॅटेलाइटवरून मेसेज करणारी यंत्रं मिळतात पण काही देशांत ती परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा निघायच्या आधी बघून घ्या. रिस्क बघितली तर प्रश्नच नाही, मागे जाणारा माणूस पुन्हा धोक्याच्या हद्दीत जातोय आणि तोही घाईत, दमलेला, बहुतेक वेळा एकटा.

पण खात्री? इथे जाणाऱ्याचं पारडं जड आहे. समोर उभा राहून धापा टाकत सांगणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात, मेसेज बाजूला सारतात. याचं टायटॅनिकइतकं जळजळीत उदाहरण दुसरं नाही. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री कॅलिफोर्नियन नावाचं जहाज बर्फात अडकून थांबलं होतं, त्याच्या वायरलेस ऑपरेटरने, सिरिल एव्हान्सने, अकराच्या सुमारास टायटॅनिकला गप्पा मारल्यासारखं कळवलं की अरे आम्ही थांबलोय, चारी बाजूंनी बर्फ आहे. टायटॅनिकचा ऑपरेटर फिलिप्स प्रवाशांच्या तारा पाठवण्यात बुडालेला, त्याने एव्हान्सला गप्प बसवलं. एव्हान्सने थोड्या वेळाने सेट बंद केला आणि झोपायला गेला, आणि ११:४० ला टायटॅनिक हिमनगावर आदळलं. त्याच संध्याकाळी मेसाबा या जहाजाकडूनही बर्फाचा इशारा आला होता, पण हा निरोप थेट कॅप्टनसाठी आहे असं दाखवणारी खूण त्यावर नव्हती आणि तो ब्रिजपर्यंत, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथपर्यंत, पोचलाच नाही असं मानलं जातं. म्हणजे दोघांनी सांगितलं, आणि दोघांचं सांगून उपयोग शून्य.

म्हणून कळवणं निवडलं तर ते नीट कळवा. काय दिसलं, नेमकं कुठे, किती वाजता, आणि मागच्यांनी काय करायचं. ‘इथे परिस्थिती खराब आहे, जपून’ हा मेसेज नाही, हा सुस्कारा आहे. ‘४:१० ला नदी गढूळ झाली, लोंढा येतोय, सामान सोडा, लगेच डाव्या काठाने वर चढा, पोचलात की ओके पाठवा’ हा मेसेज आहे. आणि उलटं ओके येईपर्यंत सांगून झालं असं धरायचं नाही, पुन्हा पाठवायचं, दुसऱ्याच्या फोनवर पाठवायचं. फोन नसेल तर डोंगरात ठरलेला इशारा म्हणजे मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट गप्प, मग पुन्हा. उत्तर मिनिटाला तीनदा येतं. यात एक मोठी गोची आहे, या इशाऱ्याचा अर्थ ‘आम्ही संकटात आहोत, या’ असा होतो, तुम्हाला म्हणायचं असतं ‘येऊ नका’. मागचे बिचारे मदतीला म्हणून थेट धोक्यातच यायचे. तेव्हा ‘येऊ नका’ साठी वेगळी खूण ग्रुपमध्ये आधीच ठरलेली पाहिजे.

बरं, कित्येकदा निवड करायची वेळच येत नाही कारण सुटायची वाट आणि सांगायची वाट एकच असते. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडमध्ये फुकेतच्या मायखाओ बीचवर टिली स्मिथ नावाची १० वर्षांची ब्रिटिश मुलगी आईवडिलांबरोबर सुट्टीवर होती, समुद्राचं पाणी फेसाळताना बघून तिला शाळेतला भूगोलाचा तास आठवला आणि तिने सुनामी येतेय म्हणून घरच्यांच्या डोक्याशी धोशा लावला. वडिलांनी हॉटेलच्या माणसाला सांगितलं, बीच रिकामा झाला, तिथे कोणी दगावलं नाही. पळायचंही हॉटेलकडेच होतं आणि ओरडायचंही तिकडेच.

जपानच्या सान्रिकु किनाऱ्यावर तर याचा नियमच करून टाकलाय, ‘त्सुनामी तेंदेन्को’, म्हणजे ज्याने त्याने आपापलं उंचावर पळायचं, कोणाला शोधायला मागे जायचं नाही, आईबापांनीही मुलांसाठी नाही. पहिल्यांदा ऐकलं की फार निर्दय वाटतं. पण ११ मार्च २०११ च्या सुनामीत याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात काय झालं बघा, उनोसुमाई भागातल्या मोठ्या शाळेतली मुलं भूकंप थांबताच पळाली, शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं आपल्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेली होती, ती या मोठ्यांना पळताना बघून खाली आली आणि त्यांच्यामागे निघाली. वाटेत मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेली जागाही धोक्याची वाटली म्हणून आणखी वर गेली, वाचली. तुमचं पळणं हाच मागच्यांना इशारा असतो, अट एवढीच की ते तुम्हाला बघू शकले पाहिजेत आणि पळणाऱ्याला बघून आपणही पळायचं हे त्यांना आधी शिकवलेलं पाहिजे. आई आपल्यासाठी मागे येणार नाही हे मुलाला माहीत असेल आणि मूल आपलं आपण पळणार हे आईला माहीत असेल तरच हे चालतं. आधी न ठरवता वापरलं तर तो नुसता पळपुटेपणा.

ज्यांनी थांबून सांगितलं त्यांचं काय, तर त्याच दिवशी मिनामिसान्रिकु गावात एंदो मिकी ही नगरपालिकेतली तरुण कर्मचारी लाउडस्पीकरवरून लोकांना उंचावर जा म्हणून सांगत राहिली आणि त्यातच गेली. स्वयंसेवक अग्निशामक दलाचे अडीचशेच्या आसपास लोक गेले, त्यातले कित्येक समुद्राचं पाणी अडवणारे दरवाजे बंद करताना, लोकांना बाहेर काढताना. त्यांच्यामुळे माणसं वाचली यात शंका नाही. पण नंतर तिथल्या दलांनी काय केलं हे आपल्या कामाचं आहे, त्यांनी माघारीची वेळ ठरवून टाकली, लाट यायला अमुक मिनिटं राहिली की काम अर्धवट टाकून निघायचं, शौर्य बिर्य बाजूला.

१९१७ च्या कॅनडातल्या हॅलिफॅक्समधल्या व्हिन्सेंट कोलमनचं उदाहरण मला सगळ्यात अवघड वाटतं. ६ डिसेंबरला बंदरात दारूगोळ्याने भरलेलं मों-ब्लां जहाज पेटलं, कोलमन हा रेल्वेचा डिस्पॅचर, म्हणजे तारेवरून गाड्यांची ये-जा सांभाळणारा, तो निघाला होता, पण येणाऱ्या पॅसेंजर गाडीची आठवण होऊन परत फिरला आणि तारेवर गाडी थांबवा म्हणून कळवलं. स्फोटात तो गेला. गाडी त्याच्या तारेने थांबली की ती आधीच लेट होती यावर आजही वाद आहेत, पण त्या तारेमुळे बाहेरच्या स्टेशनांना लगेच कळलं आणि मदत निघाली. मी त्याच्या जागी परत जाण्याचा सल्ला दिला असता का? बहुतेक हो, कारण काम दोन-चार मिनिटांचं होतं, ते करू शकणारे हात तिथे जवळपास त्याचेच होते आणि पलीकडच्यांना दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळणार नव्हतं. तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या. तुमच्या केसमध्ये यातली एक जरी नसेल तर तुम्ही कोलमन नाही, तुम्ही फक्त आणखी एक अडकलेला माणूस.

तुकडी फोडून अर्धे मागे, अर्धे पुढे हा मधला मार्ग लोकांना फार आवडतो. चालतो, पण एकटा कोणी नाही, आणि जाणारा म्हणजे सगळ्यात कमी दमलेला आणि वाट येणारा, सगळ्यात अपराधी वाटणारा नव्हे. जाताना परत फिरायची वेळ ठरवून जा. पाचला मागचे दिसले नाहीत तर परत फिरायचं, बस्स.

धोका माणसांचा असेल, म्हणजे लुटारू, रस्ता अडवलेला जमाव, गोळीबार, तर वर लिहिलेलं बरंचसं उलटं होतं. शिट्टी, टॉर्च, ओरडणं सगळं बंद, त्याने तुम्हीही सापडता आणि मागचेही. दडून राहणं, लांब जाणं आणि मग कळवणं हाच क्रम. फोन हिसकावून कोणी तुमच्याकडून ‘या, सगळं ठीक आहे’ असं लिहून घेऊ शकतं, म्हणून एखादा साधा शब्द ठरवून ठेवा जो मेसेजमध्ये नसेल तर मागच्यांनी समजून जायचं.

आणि न जाण्याचं ठरवलं तर ते लिहून ठेवा. जहाजांच्या सोलास करारात, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, धोकादायक बर्फ किंवा वादळ दिसलं तर आसपासच्या जहाजांना कळवणं कॅप्टनवर बंधनकारक आहे. संकटातल्यांच्या मदतीला जाणं हेही कर्तव्यच, पण जाणं शक्य नसेल किंवा त्या परिस्थितीत शहाणपणाचं नसेल तर न जाण्याची मोकळीक आहे, फक्त कारण लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीत, लिहावं लागतं आणि बचाव यंत्रणेला कळवावं लागतं. तुम्हीही फोनवर लिहा, किती वाजता काय दिसलं, कोणाला काय पाठवलं, मागचे शेवटचे कुठे आणि कधी दिसले, का गेलो नाही. शोधायला येणारे पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि तोपर्यंत डोक्यातल्या वेळा हमखास पुढेमागे झालेल्या असतात.